लाल, राखाडी आणि माझी खिडकी

३ तारीख, सोमवार

नातीने ही वही दिली. हिला डायरी म्हणायचं. दोऱ्याच्या व्यापाऱ्याने फुकट वाटलेली आहे, म्हणजे तिच्या खिशाला चाट नाही. म्हणाली, "आजी, गिऱ्हाइकाला जे बोलावंसं वाटतं ते आधी हिच्यात लिही. मग वाटलंच तर बोल."

मी म्हटलं, "मी चौथीत शाळा सोडली. माझं शुद्धलेखन कोण तपासणार?"

"कुणी वाचणारच नाहीये."

मग हरकत नाही. तर लिहिते. काल आलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं आमच्या कापसापेक्षा हलकं होतं. झालं. बरं वाटलं.

५ तारीख, बुधवार

गाडी गेली. भर चौकात, डोक्यावर दोन डबलच्या गाद्या घेऊन बसकण मारली. मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले. मी खिडकीतून एकाला म्हटलं, "ओरडून चालू होणार असती तर मी सकाळीच ओरडले असते."

मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि विहिरीत कुणी पडल्यासारखा आत बघत राहिला. मग बॉनेट हळूच लावलं. एवढ्या हळू तो कधीच लावत नाही. तेव्हाच मी समजले.

आमचा गाद्यांचा कारखाना. पुढे दुकान, मागे कापूस पिंजायचं मशीन, त्याच्या मागे आम्ही राहतो. गाडीच्या पुढच्या सलग बाकावर आमच्या जागा ठरलेल्या. स्टिअरिंगवर मुंगळा. हे त्याचं नाव नव्हे, पण एवढासा जीव स्वतःच्या दुप्पट ओझं उचलतो म्हणून सगळे तेच म्हणतात. मधे माझा मुलगा, गिअरच्या दोन्ही बाजूंना गुडघे करून. आणि खिडकीशी मी.

मी लागतेच. आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. गादी पोचली की गिऱ्हाइकाने माझ्यासमोर तिच्यावर झोपायचं. बसून नाही, हाताने दाबून नाही, झोपून. एकदा पाठीवर, एकदा कुशीवर. कंबर कुठे बसते ते मी बघते. कंबर खड्ड्यात गेली तर गादी परत, कापूस पुन्हा भरायचा. बँकेचा साहेब असो नाहीतर न्हावी, बूट काढून आडवं व्हायचं. लाजतात. लाजू देत. डॉक्टरकडे नाही लाजत.

मुंगळा तेवढा गबाळा आहे. जिथे तिथे लाकडी खोकं पालथं टाकतो. मी गाडीत चढायला जाते तेव्हा नेमकं माझ्या पायाखाली येतं. रोज. किती वेळा सांगितलं, पसारा आवर. "हो आजी" म्हणतो आणि उतरायच्या वेळी परत तिथेच टाकतो.

६ तारीख, गुरुवार

नवी गाडी घ्यायची ठरली. मला विचारलं नाही. पण दुकान माझ्या नावावर आहे, तेव्हा सही माझी लागणार. बघू मग.

८ तारीख, शनिवार

पहिलं शोरूम. फरशी इतकी चकचकीत की माझ्याच चपलांकडे बघून मला लाज वाटली. तिथला विक्रेता गुळगुळीत. केस गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत. माझ्याशी एक शब्द नाही, सगळं माझ्या मुलाशी.

गाडी लाल. आत टीव्हीएवढा पडदा. माणसं बसायला पाच जागा, पुढे दोन, मागे तीन. माल ठेवायचा हौदा मात्र पाळण्याएवढा.

मुलगा खूश. म्हणाला, "आई, मागे एसीत बसशील. पाय लांब करशील. कंबरेला आधार आहे बघ."

"मागे बसून मी काय मुंगळ्याची मान बघू?"

"अगं, आरामात जाशील."

"आराम करायला मी घरी आहे की."

गुळगुळीताने दार उघडून धरलं. म्हणाला, "बसून तर बघा, माताजी." मी एक पाय उचलला आणि खाली ठेवला. या गाडीची पायरी चुकीच्या ठिकाणी बसवली आहे. पार वर. कारखान्यात कुणीतरी मापात घोळ घातला असणार. मी म्हटलं, "आतून वास येतोय. मला नाही बसायचं." गुळगुळीत वास घेत राहिला.

सून टेप घेऊन आली होती. ती आमच्याकडे कटिंग बघते, टेप तिच्या गळ्यातच असतो. तिने हौदा मोजला आणि म्हणाली, "यात डबलची गादी वाकवून घालावी लागेल." मुलाला म्हणाली, म्हणजे मला ऐकवलं. आमच्याकडे गादी वाकवत नाहीत. वाकली की तिचा कणा गेला, मग कितीही थोपटा, मधे रेघ राहते. हे मीच तिला शिकवलंय. नको तिथे लक्षात ठेवते.

९ तारीख, रविवार

मुलाला लाल हवी. दिमाखासाठी, दुसरं काय. त्याच्या मेहुण्याकडे पांढरी आहे.

घरात दोघांची धुसफूस चालू आहे. मी खोलीत गेले की गप्प होतात. मुलगा म्हणत होता, "तिच्याकडून होत नाही, तू मान्य कर." सून म्हणाली, "होत नाही असं तिला वाटायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे." कुठल्या बाईबद्दल चाललं होतं कोण जाणे. शिवणकाम करणारी नवी बाई आली आहे, तीच असेल. तिला दाभण धड धरता येत नाही.

११ तारीख, मंगळवार

भाड्याच्या टेम्पोने एक गादी पोचवली. तळमजला. हल्ली गंमतच आहे. वरच्या मजल्यावरची माणसं गाद्या घेईनाशीच झाली आहेत. मुलगा मला नेतो ती सगळी घरं तळमजल्यावरची. वर राहणाऱ्यांना वारा लागत असेल, मिळेल त्यावर झोप येत असेल.

१२ तारीख, बुधवार

दुसरं शोरूम. इथला विक्रेता घामट, पण माणूस बरा. मला खुर्ची दिली आणि आधी माझ्याशीच बोलला.

गाडी राखाडी. दिसायला उंदरासारखी. पडदा नाही, काही नाही. पण हौदा असा लांबलचक, सपाट, की बघून माझे हात शिवशिवले. यात डबलच्या गाद्या एकावर एक पसरून जातील, एकीलाही घडी पडणार नाही. सुनेने मोजलं. बोलली काहीच नाही, नुसता टेप धरून उभी राहिली, म्हणजे मलाच वाचावं लागलं. हुशार आहे.

मग पुढचं दार उघडलं. जागा दोन. एक ड्रायव्हरची, एक शेजारची. मधे डबा, त्यात कप ठेवायला भोकं.

मुंगळा एक. मुलगा दोन, कारण दोघांशिवाय डबलची गादी उतरत नाही. मी कुठे? कपाच्या भोकात?

मी सुनेकडे पाहिलं. ती घामटाला विचारत होती, "हौद्याचं फाळकं किती वजन घेतं?"

आता हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला भीती वाटली. खिडकी गेली की मला दुकानात खुर्ची देतील. मग घरात खुर्ची. मग भिंतीवर खिळा. आणि गिऱ्हाइकं? मी नसले तर ती झोपणार कुणासमोर? हा माझा मुलगा, गिऱ्हाईक लाजलं की ह्याचाच चेहरा लाल होतो.

१३ तारीख, गुरुवार

नातीला विचारलं, "तुझं मत काय?"

ती म्हणाली, "आजी, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे."

शिकलेल्या माणसांना विचारण्यात अर्थ नाही.

१४ तारीख, शुक्रवार

दुपारी डोळे मिटून पडले होते. सून आली, पाऊल न वाजवता. गळ्यातला टेप काढला आणि माझ्या तळपायापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. हळूच. मी डोळे उघडले नाहीत, म्हटलं बघू कुठवर जाते. गुडघ्याशीच थांबली. मग माझ्या अंगावरची चादर सारखी केली आणि गेली.

माणूस गेल्यावर माप घेतात ते पूर्ण घेतात, अर्धं नाही. तेव्हा ते नसावं. पण कटिंग करणाऱ्या बाईने बिनकामाचं माप घेऊ नये. डोकं फिरलंय तिचं.

१५ तारीख, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं. घरात आत्ता जो तो आपलंच सांगतोय.

सुनेचा हट्ट, की आपली खरी गादी राखाडीत घालून बघायची. टेम्पोतून एक डबलची नेली. शोरूमच्या मागच्या अंगणात मुंगळ्याने आणि मुलाने ती हौद्यात पसरली. तेलात बोट बुडावं तशी बसली. मुलाचं तोंड पडलं. तो, सून आणि घामट आत टेबलावर भांडायला गेले, मुंगळा चहाला गेला.

आता पसरलेली गादी अशीच सोडून कसं जायचं? आमच्या घरात गादी पसरली की कुणीतरी झोपून बघतंच. फाळकं खाली पाडलेलं होतं आणि त्याला लागून काचा पुसायचं स्टूल होतं. मी स्टुलावर चढले, फाळक्यावर बसले आणि अंग टाकलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून गादीवरची सैल खोळ पायांपासून डोक्यापर्यंत ओढून घेतली. पाठीवर बघितलं. ठीक. कुशीवर वळले. कंबर बरोबर बसली. आमची गादी आहे, बसणारच.

डोळा कधी लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा खोळ तोंडावरून सरकली होती, गाडी थांबलेली होती आणि शेजारी बस उभी होती. बसच्या खिडकीतून एक माणूस माझ्याकडे खाली बघत होता. बघतच होता. मी हात हलवला. त्याने पटकन मान फिरवली आणि शेजारच्याला उठवलं.

मग कळलं, की अंगण नाही, रस्ता आहे. मी उठून बसले आणि कॅबिनच्या मागच्या काचेवर टकटक केलं. गाडी चालवणारा किंचाळला. त्याच्या शेजारी शोरूमचा चावीवाला होता, तोही किंचाळला. गाडी कडेला लागली.

चालवणारा अंड्यांचा ठोक व्यापारी निघाला. राखाडी बघायला आला होता. चावीवाल्याने त्याला सांगितलं होतं, "गादी आहे ती राहू द्या मागे. भार असला की गाडी कशी पळते ते कळेल." भार म्हणजे मी. अंडेवाल्याला हळू चालवायची सवय, एक धक्का बसू दिला नाही त्याने. म्हणूनच मी झोपून राहिले.

तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही आत कशा आलात?"

मी म्हटलं, "तुम्ही झोपता कशावर?"

"काय?"

"मान वाकडी धरून चालताय. काय आहे घरी, फोम?"

"फोम आहे. पण तुम्हाला..."

"बूट काढा आणि वर या."

रस्त्याच्या कडेला, दिवसाढवळ्या, झोपला तो. आधी पाठीवर, मग कुशीवर. चावीवाला तोंड फिरवून उभा राहिला. अंडेवाला डोळे मिटूनच म्हणाला, "ही किती दिवसांत मिळेल?"

ऑर्डर घेऊन परत आलो, तर शोरूममध्ये आकांत. मुलगा रस्त्याच्या त्या टोकाला, मुंगळा ह्या टोकाला, घामट तिघांना पुरेल एवढा घामाघूम. सुनेचं तोंड पांढरंफटक. गाडी दुसराच कुणी घेऊन जातो की काय, म्हणून घाबरली असणार. गाडी आवडली आहे तिला. तिने माझा दंड असा धरला की वळ उठलाय.

"आई, कुठे होतात तुम्ही?"

"कामाला गेले होते," मी म्हटलं. "तुम्ही भांडा."

निघताना सून मागे राहिली. घामटाला कोपऱ्यात घेऊन जमिनीपासून गुडघ्याएवढं काहीतरी हाताने दाखवत होती. बुटकं कपाट हवं असेल तिला. पण गाड्यांच्या दुकानात?

१६ तारीख, रविवार

दिवसभर विचार केला. लाल घेतली तर गाद्या वाकणार. मी मागे बसणार, तेही त्या पायरीवरून वर पोचले तर. राखाडी घेतली तर गाद्या सरळ जाणार आणि मी घरी.

मुलगा म्हणाला, "आई, तू सांग. तू म्हणशील ती."

मी म्हटलं, "झोपू दे मला."

तो हसला. म्हणाला, "कालची पुरली नाही का?" आजकाल त्याला जीभ फुटली आहे.

१८ तारीख, मंगळवार

सही केली. राखाडीवर.

गादीचा कारखाना आहे, माझा नाही. म्हणजे माझाच आहे, पण गाडी गादीसाठी घ्यायची असते. पाळण्याएवढा हौदा घेऊन मी गिऱ्हाइकाला रेघ पडलेली गादी देऊ? आणि वर त्याला झोपायला सांगू? मला तेवढी लाज आहे.

सही करताना सुनेला म्हटलं, "मनासारखं झालं ना?"

ती म्हणाली, "अजून पूर्ण नाही झालं." आणि घामटाकडे बघितलं. घामट म्हणाला, "तसलीच मागवावी लागेल, ताई. वेळ लागेल." सून म्हणाली, "लागू दे. तसलीच हवी."

गाडी समोर उभी आहे, पैसे तयार आहेत, आणि हिला मागवायची आहे. रंग बदलून हवा असेल. मला जे द्यायचं होतं ते मी देऊन टाकलं. आता गुलाबी आणा.

२० तारीख, गुरुवार

काही नाही.

२२ तारीख, शनिवार

काही नाही. दुकानात खुर्चीवर बसले. एका गिऱ्हाइकाला जे बोलायचं ते वहीत लिहिणार होते, पण आधीच बोलून झालं.

२६ तारीख, बुधवार

मुलगा आणि मुंगळा टेम्पोने गादी पोचवून आले. मी गेले नाही. टेम्पोत जागा होती. मीच म्हटलं, आत्तापासून सवय करा.

आल्यावर विचारलं, "झोपलं का गिऱ्हाईक?"

मुलगा म्हणाला, "नंतर झोपतो म्हणाले."

"नंतर म्हणजे?"

"आई, मी कसं सांगू परक्या बाईला, की माझ्यासमोर झोपा?"

बघा. हेच मी म्हणत होते. मुंगळा बिचारा मान खाली घालून म्हणाला, "आजी, मी डोळे मिटून सांगून बघितलं. त्यांनी दारच लावून घेतलं."

४ तारीख, शुक्रवार

गाडी आली. रंग राखाडीच.

पण पुढचं दार उघडलं तर आत सलग बाक. मधला डबा नाही, कपाची भोकं नाहीत. जुन्या गाडीत होता तसाच, तिघांचा बाक. घामट म्हणाला, हा प्रकार कुणी मागत नाही म्हणून शोरूमला ठेवत नाहीत. म्हणजे आम्हाला जुना पडून राहिलेला माल गळ्यात मारला. मी सुनेला म्हटलं, "बघून घेत जा. फसवलं तुला." ती म्हणाली, "हो ना." आणि हसायला लागली. फसल्यावर हसणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

असो. बाक आहे तर बसणार. रिकामा कशाला ठेवायचा?

५ तारीख, शनिवार

नव्या गाडीची पहिली फेरी, अंडेवाल्याची गादी. सकाळी बाहेर आले तर मुंगळा दाराशी उभा. खोकं नाही. मी म्हटलं, "आज पसारा कुठे गेला?"

तेव्हा बघितलं. गाडीच्या दाराखाली लोखंडी पायरी, नवी वेल्डिंग केलेली. रुंद, वर खरखरीत रबर, आणि दाराशेजारी धरायला दांडा. सुनेने करून घेतली म्हणे. माझ्या गुडघ्यापेक्षा बरीच खाली आहे. पाय सहज पडतो.

तेव्हा सगळा उलगडा झाला. मुंगळा बुटका. नवी गाडी उंच. त्याला चढता यावं म्हणून पायरी. सून वरून कडक दाखवते, पण नोकरमाणसांचं बघते, हे मान्य करायला हवं. मात्र डोकं चालवलं नाही. मुंगळा चढतो ड्रायव्हरच्या दाराने आणि पायरी बसवली माझ्या दाराला. तिकडे तो बिचारा अजून उडी मारूनच चढतो.

अंडेवाला तिसऱ्या मजल्यावर राहतो. किती दिवसांनी वरच्या मजल्याचं गिऱ्हाईक मिळालं. मी उतरायला लागले तर सून फोनवरून मुलाला म्हणाली, वर न्यायची नाही. नवी पद्धत. गिऱ्हाइकाने खाली यायचं, हौद्यात झोपून बघायचं, आजींनी हो म्हटलं की मगच गादी वर. मी म्हटलं, "ही कुठली पद्धत?" मुलगा म्हणाला, "तूच तर सुरू केलीस, भर रस्त्यात." ते खरं आहे.

अंडेवाला घरच्या कपड्यांत खाली आला, चप्पल काढून वर चढला आणि आडवा झाला. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून माणसं बघायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने वरून विचारलं, "किती वेळ झोपू देतात?" मी म्हटलं, "खाली या, सांगते." ती आली. तिच्या मागे तिचा नवराही आला. दोघांच्याही कंबरा बघितल्या. त्याची फार वाईट आहे.

परत येताना खिडकीची काच खाली केली. मुलाचे गुडघे होते तसेच, गिअरच्या दोन्ही बाजूंना. तो म्हणाला, "आई, लालमध्ये पाय लांब करता आले असते मला."

"मग चालत ये," मी म्हटलं.

घरी आल्यावर सून विचारत होती, "पायरी कशी आहे, आई?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, चुकीच्या बाजूला आहे. पण केलेलं वेल्डिंग आता उपटून कशाला टाकायचं. राहू दे. गंजायला नको म्हणून मी वापरत जाईन.